दोन विजांचं घर

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. आत पलंग, ओटा, फ्रिज आणि संडास-बाथरूम, छतावर एसी, जमिनीखाली पाण्याच्या टाक्या, आणि पुढच्या दांडीवर गॅसचे सिलिंडर नि एक बॅटरी. अमेरिकेत उन्हाळ्यात हायवेला लागलात तर तासाभरात डझनभर दिसतील.

पहिल्यांदा ट्रेलर घेतलेल्या माणसाला एक कोडं हमखास पडतं. दिवे लागलेत, पाण्याचा पंप चालतोय, मग मायक्रोवेव्ह का मेलाय? किंवा नेमकं उलट: भिंतीतल्या सॉकेटवर फोन चार्ज होतोय, पण छतातला एकही दिवा लागत नाही. घरात असं होत नाही. घरात लाइट गेली की सगळीच जाते.

याचं कारण असं, की ट्रेलरमध्ये वीज एक नसते, दोन असतात. एक बारा व्होल्टची, बॅटरीतून येणारी डीसी. दुसरी एकशेवीस व्होल्टची, कॅम्पग्राउंडच्या खांबावरून जाड केबलनं येणारी एसी. दिवे, पंप, पंखे आणि हीटरचा ब्लोअर पहिलीवर. सॉकेटं, मायक्रोवेव्ह आणि एसी दुसरीवर. पहिली मोटारीकडून आली, दुसरी घराकडून. दोघींचा जन्म वेगळा, कारणं वेगळी, आणि ट्रेलरसाठी म्हणून दोन्हींपैकी एकही बनलेली नव्हती.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग शिकले, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते, आणि गेली तीन वर्षं दोन मैत्रिणींच्या भागीदारीत एका जुन्या ट्रेलरची मालकीण आहे. कॉलेजात वीज शिकवतात ती सूत्रांच्या रूपात. ट्रेलरचं पॅनेल उघडलं की ती तारखांच्या रूपात समोर येते. ही तार एडिसनच्या काळातली, हा आकडा १९५०च्या दशकातल्या मोटारींचा, हे बटण एका बर्कलीच्या प्राध्यापकाचं. बिघाड बहुतेक वेळा दोन काळांच्या सांध्यावर होतो. म्हणून ट्रेलरमधला फॉल्ट शोधायचा तर आपण कोणत्या काळाच्या तारेला हात लावतोय हे आधी ठाऊक हवं. या लेखात ते सांगायचा प्रयत्न आहे.

मोटारीची वीज

१९३०च्या आसपास डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन नावाच्या गृहस्थांनी स्वतःच्या कुटुंबासाठी चाकांवरची एक लाकडी खोली बनवून घेतली. लोकांनी तशीच मागितली, तेव्हा ‘कव्हर्ड वॅगन’ नावानं कारखाना काढला. तिकडे कॅलिफोर्नियात हॉली बोलसनं १९३४ साली अॅल्युमिनियमचा, विमानासारखा गोलसर ट्रेलर आणला. बोलस हा लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारा माणूस. त्याच घडणीवरून वॉली बायमनं १९३६ साली ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ काढला. किंमत बाराशे डॉलर, चार जणांची झोपायची सोय, स्वतःचं पाणी आणि विजेचे दिवे. मंदीच्या त्या वर्षांत ट्रेलरचं वेड इतकं पसरलं होतं, की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल, असं भाकीत रॉजर बॅब्सन या त्या काळच्या प्रसिद्ध अर्थभाष्यकारानं केलं.

त्या वेळच्या मोटारी सहा व्होल्टच्या. ट्रेलरमध्ये उजेड हवा असेल तर मोटारीच्या बॅटरीवरून तार ओढायची, नाहीतर कॅम्पच्या खांबावरून एकशेदहा व्होल्ट घ्यायचे. जुन्या ट्रेलरांमध्ये एकाच झुंबरात दोन बल्ब दिसतात, एक घरगुती, एक मोटारीचा, आणि दोघांची बटणं वेगळी. दोन विजा एका छपराखाली आल्या, पण चुली वेगळ्याच राहिल्या.

मग महायुद्ध आलं. बाँबर विमानं बनवणाऱ्या विलो रनच्या कारखान्याभोवती आणि अणुबाँबच्या कामासाठी रातोरात वसवलेल्या ओक रिजमध्ये कामगारांना राहायला घरं नव्हती. सरकारनं हजारोंनी ट्रेलर विकत घेतले. सुट्टीची वस्तू माणसांचा कायमचा पत्ता झाली. तेव्हापासून ट्रेलरचे मालक दोन प्रकारचे आहेत: ज्यांचं दुसरीकडे घर आहे ते, आणि ज्यांचं नाही ते. वायरिंग दोघांचं सारखंच असतं. बिघाडाची किंमत मात्र सारखी नसते. हा फरक पुढे लागणार आहे.

आजचा बारा व्होल्टचा आकडा कुठून आला? मोटारीच्या स्टार्टरमधून. युद्धानंतर अमेरिकन मोटारींत मोठी, जास्त दाबाची व्ही-एट इंजिनं आली. ती फिरवायला सहा व्होल्टची बॅटरी कमी पडू लागली, म्हणून १९५३ ते १९५६ या काळात जनरल मोटर्सपासून फोर्डपर्यंत सगळे बारा व्होल्टवर गेले. ट्रेलरवाल्यांना कुणी विचारलं नाही. मोटार पुढे चालते, ट्रेलर मागून जातो. व्होल्टेजचंही तसंच झालं.

१९५७ साली एअरस्ट्रीमनं ‘इंटरनॅशनल’ हे मॉडेल आणलं. बाहेरून पाणी, वीज, गटार काहीही न जोडता त्यात राहता यावं, ही कल्पना. बायम तेव्हा ट्रेलरांचे तांडे घेऊन जगभर फिरत होता. १९५९-६० साली एक्केचाळीस ट्रेलरांचा तांडा केप टाउनहून कैरोला गेला. बायम १९६२ साली वारला, पण १९६३-६४ मध्ये सिंगापूरपासून युरोपपर्यंत निघालेला मोठा तांडा आपल्या भारतातूनही गेला. अमेरिकन पिन घालायला जिथे सॉकेटच नाही, आणि असलं तर दोनशेतीस व्होल्टचं आणि पन्नास हर्ट्झचं, तिथे बॅटरी हीच खरी सोबतीण.

पण बॅटरी भरायची कशी? मोटार चालू असेपर्यंत ती भरते. मुक्कामाला पोचल्यावर खांबावरची एसी घेऊन तिचे बारा व्होल्ट करणारी पेटी हवी. तिला कन्व्हर्टर म्हणतात. एअरस्ट्रीमच्या पेटीचं नाव युनिव्होल्ट. दोन चुली पहिल्यांदा एकत्र झाल्या त्या या पेटीत. आता छतात एकच बल्ब पुरे. खांब असला तर खांबाची वीज बारा व्होल्ट होऊन येते, नसला तर बॅटरीची.

जुन्या युनिव्होल्टची कीर्ती मात्र फारशी चांगली नाही. बॅटरी भरली आहे हे ओळखून हात आखडता घ्यायची अक्कल त्या पेटीत नव्हती. ट्रेलर महिनाभर खांबाला जोडून ठेवला की ती बॅटरीला पाजतच राही. आतलं पाणी उडून जाई आणि प्लेटा उघड्या पडत.

ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या किती घरांत जिन्याखाली किंवा गॅलरीत इन्व्हर्टर आणि त्याची काळी बॅटरी आली होती! डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणून, सहा झाकणं उघडून, तरंगता दांडा बघत पाणी घालायचं काम आमच्या घरी माझ्याकडे होतं. ट्रेलरच्या दांडीवरच्या बॅटरीला तीच सहा झाकणं आहेत.

म्हणून बारा व्होल्टच्या तक्रारीत पहिलं काम मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावणं. सगळं बंद करून तासाभरानं मोजलेले १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली लेड-ॲसिड बॅटरी. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. बारापेक्षा खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग खांब जोडायचा. आकडा साडेतेराच्या आसपास चढला तर कन्व्हर्टर जिवंत आहे. चढला नाही तर कन्व्हर्टरला एसी पोचतेय का, त्याचे फ्यूज शाबूत आहेत का, हे बघायचं. त्याच्यावर खास दोन फ्यूज असतात, जे बॅटरीच्या तारा उलट्या लावल्या की स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतात. आणि कन्व्हर्टरजवळ १३.६ पण बॅटरीजवळ १२.४ असेल, तर चोर मधल्या तारेत आहे. बहुतेकदा दांडीखाली पावसा-चिखलात गंजलेला एखादा जोड असतो.

याच बारा व्होल्टवर एक गंमत लटकलेली असते: फ्रिज. ट्रेलरमधला जुन्या पद्धतीचा फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना शोधली. कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही, उष्णता देऊन अमोनियाला फिरवायचं आणि थंडी मिळवायची. पुढे इलेक्ट्रोलक्सनं ती विकत घेतली. ज्योतीवर चालणाऱ्या या यंत्राला मुळात विजेची गरज नव्हती. पण नंतर त्यावर एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बसलं, जे ज्योत पेटवतं, विझली तर गॅस बंद करतं, आणि ते कार्ड बारा व्होल्टवर चालतं. त्यामुळे सिलिंडर भरलेला असताना, बॅटरी उतरली म्हणून आइसक्रीम वितळतं. लोक गॅसवाल्याला बोलावतात. बिघाड मोटारीच्या विजेत असतो.

घराची वीज

आता दुसरी वीज. एडिसननं १८८२ साली न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला सुरुवात केली ती एकशेदहा व्होल्टची डीसी. व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त, करंट जास्त म्हणून तारा जाड, आणि तांबं तेव्हाही महागच होतं. त्यावर त्यानं, आणि स्वतंत्रपणे इंग्लंडच्या जॉन हॉपकिन्सननं, एक युक्ती काढली. दोन जनित्रं एकापुढे एक जोडायची. दोन टोकांमध्ये दोनशेवीस, आणि मधल्या सांध्यापासून कोणत्याही टोकापर्यंत एकशेदहा. दोन्ही बाजूंना सारखे दिवे लावले तर मधल्या तारेतून काहीच वाहत नाही. गिऱ्हाइकाला एकशेदहाच मिळतात, पण तांबं निम्म्याहून कमी लागतं. १८८३ साली पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात ही तीन तारांची पद्धत खांबांवर चढली.

पुढे एसीनं डीसीला हरवलं. न्यू यॉर्कमधला डीसीचा शेवटचा पुरवठा २००७ साली बंद झाला. पण तीन तारा तशाच राहिल्या. आज अमेरिकेत प्रत्येक घरात दोन ‘गरम’ तारा आणि मधली न्यूट्रल येते. दोन गरम तारांत २४०, कुठल्याही एकीपासून न्यूट्रलपर्यंत १२०. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुन्या फाइल उघडल्या पाहिजेत म्हणून तीस वर्षांपूर्वीचे निर्णय ओढत नेतो. इथे तांबं वाचवायचा एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा निर्णय चालू आहे.

कॅम्पग्राउंडच्या खांबावर म्हणून दोन वेगवेगळी सॉकेटं असतात. छोट्या ट्रेलरांसाठी तीस अँपचं: एक गरम तार, एक न्यूट्रल, एक अर्थ. १२० गुणिले ३० म्हणजे ३६०० वॉट. मोठ्यांसाठी पन्नास अँपचं: दोन गरम, न्यूट्रल आणि अर्थ, एकूण १२,००० वॉट. तीस आणि पन्नास हे आकडे ऐकायला जवळचे, पण दुसऱ्यात तिपटीहून जास्त वीज आहे. तीसवाल्यानं एसी, गिझर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की प्रत्येकाचे बारा-तेरा अँप धरून ब्रेकर पडणारच. हा बिघाड नाही, बेरीज आहे.

खरा घात इथे होतो तो तीस अँपच्या सॉकेटचा. अमेरिकन घरात कपडे वाळवायच्या यंत्राचं जुनं सॉकेटही तीस अँपचं आणि तीन खाचांचंच असतं, पण त्यात २४० व्होल्ट असतात. घरासमोर ट्रेलर उभा करायला कुणी इलेक्ट्रिशियन बोलावतो. ‘तीस अँप, तीन पिना’ ऐकल्यावर हात सवयीनं दोन्ही गरम तारा जोडतो. केबल लावली की क्षणात कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि एसीचं कार्ड खलास. म्हणून नवीन सॉकेटात पिन घालण्याआधी मीटर घालावा. १२० दिसले पाहिजेत. २४० दिसले तर कितीही नवीन आणि चकचकीत सॉकेट असो, लांब राहावं.

तिसरी तार

मधल्या तारेचं काय होतं ते मी साउथ डकोटात पाहिलं. जुलै महिना, दिवसभर शंभर फॅरनहाइटच्या वर ऊन. ट्रेलरमध्ये वर्षभर राहणारे पुष्कळ लोक आपला कायदेशीर पत्ता या राज्यात घेतात. शेजारी असंच एक जोडपं होतं, दोघं सत्तरीच्या पुढचे. आजोबांनी आयुष्यभर ट्रक चालवला होता. आजींना रात्रंदिवस ऑक्सिजन लागायचा. त्यांच्या पलंगाशी कॉन्सन्ट्रेटर होता. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर हे यंत्र काय असतं हे आपल्याकडे सांगावं लागत नाही.

संध्याकाळी आजोबा दार ठोठावून विचारू लागले, तुमच्याकडे वीज नीट आहे का? त्यांचा टीव्ही फट् आवाज करून गेला होता, आणि ऑक्सिजनचं यंत्र बोंबलून बंद पडलं होतं. छतातले दिवे मात्र एकदम ठीक. म्हणजे बारा व्होल्ट शाबूत, गडबड दुसरीत. आजींना छोट्या सिलिंडरवर ठेवलं होतं.

मी मीटर घेऊन गेले. टीव्हीच्या सॉकेटात १५१ व्होल्ट. पलंगाशेजारच्या सॉकेटात ८९. दोन्ही आकडे चुकीचे, आणि बेरीज बरोबर २४०. मीटरवर यापेक्षा स्पष्ट निदान मिळत नाही. न्यूट्रल सुटला होता.

न्यूट्रल जागेवर असतो तेव्हा दोन्ही बाजूंना १२० बांधून दिलेले असतात. तो तुटला की दोन बाजू एकापुढे एक जोडल्यासारख्या होतात आणि २४० आपसांत वाटून घेतात. ज्या बाजूला जड उपकरण, तिच्या वाट्याला कमी. ज्या बाजूला हलकं, तिच्या वाट्याला जास्त. एसी आणि कॉन्सन्ट्रेटर एका बाजूला होते, म्हणून तिथे ८९. टीव्ही दुसऱ्या बाजूला जवळजवळ एकटाच, म्हणून तो जळाला. एसीचा थर्मोस्टॅट बंद झाला असता तर वाटणी बदलली असती, आणि यंत्राच्या वाट्याला काय आलं असतं कोण जाणे.

आपल्याकडेही ‘न्यूट्रल गेला’ म्हणून एका रात्रीत अख्ख्या बिल्डिंगचे टीव्ही आणि फ्रिज जळाल्याच्या गोष्टी असतात. तत्त्व तेच, आपल्याकडे तीन फेज असल्यानं दोनशेतीसच्या घरात चारशेच्या आसपास घुसू शकतात.

पहिल्यांदा आजोबांना मेन ब्रेकर पाडायला सांगितला. यंत्र तोवर बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवता येईल का, याचा हिशेब आम्ही त्यांच्या टेबलाशी बसून केला. यंत्र साधारण ३५० वॉट खाणारं, म्हणजे बारा व्होल्टवर तीस अँप. शंभर अँपअवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते. म्हणजे दीड तास. सिलिंडरात दोन तास. रात्र आठ तासांची.

कॅम्पग्राउंडचा माणूस तासाभरानं आला. खांबाच्या पेटीत न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता आणि त्याच्याभोवतीचं प्लास्टिक काळं पडलं होतं. दर उन्हाळ्यात तापून पसरणं, दर हिवाळ्यात आकसणं, रोज नव्या ट्रेलरची पिन आत-बाहेर. स्क्रू कधीतरी सुटतोच. त्यानं ट्रेलर दुसऱ्या खांबाशी हलवायला सांगितलं. तिथे दोन्ही बाजूंना ११८ मिळाले. यंत्र चालू झालं. टीव्हीचं कुणी नाव काढलं नाही.

मला तिथून निघताना सुट्टी संपवून परत जायला घर होतं. त्यांना नव्हतं. सुट्टीला आलेल्या माणसाचा न्यूट्रल सुटला तर टीव्ही जातो. ट्रेलर हेच ज्याचं घर, त्याच्यासाठी त्याच स्क्रूवर रात्र अवलंबून असते. त्या खांबावर कोण येऊन उभं राहील हे खांबाला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांसाठी तपासलेला असायला हवा.

बॉडीला करंट

न्यूट्रल सुटल्याचं निदान कळतं, कारण उपकरणं बोंबलतात. चौथी तार गेली तर काहीच होत नाही. सगळं व्यवस्थित चालत राहतं. ती म्हणजे अर्थ.

ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो, जमिनीपासून तुटलेला. आतल्या एखाद्या यंत्राची गरम तार झिजून पत्र्याला टेकली, आणि खांबाकडे जाणारी अर्थची तार धड असेल, तर मोठा करंट वाहून ब्रेकर पडतो. अर्थ तुटलेली असेल तर ब्रेकर पडत नाही. अख्खा ट्रेलर पेटतो, विजेच्या अर्थानं. आत असलेल्याला काही जाणवत नाही, कारण त्याच्याभोवती सगळंच सारखं. बाहेर ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराची मूठ धरणारा मात्र खांबापासून जमिनीपर्यंतची वाट स्वतःच्या अंगातून पुरी करतो. अमेरिकेत याला ‘हॉट स्किन’ म्हणतात. आपल्याकडे जुन्या फ्रिजबद्दल ‘बॉडीला करंट येतो, स्लीपर घालून उघड’ म्हणायचे, ते हेच. आपण त्या झिणझिण्यांना सरावलो होतो. सरावू नये.

किती करंट धोक्याचा, हे बर्कलीतल्या चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकानं मोजलं. त्यानं स्वयंसेवकांच्या हातातून करंट वाढवत नेला आणि हातातली तार सोडता येईनाशी कधी होते ते टिपलं. पुरुषांत सरासरी सोळा मिलिअँप, स्त्रियांत साडेदहा. तीस अँपचा ब्रेकर पडायला लागतो त्याच्या जवळजवळ दोन हजारावा हिस्सा. म्हणजे ब्रेकर माणसाला वाचवत नाही, तारेला वाचवतो. माणसासाठी डॅल्झिएलनं १९६१ साली वेगळं यंत्र शोधलं. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तुलना करायची. पाच मिलिअँपचा फरक पडला, म्हणजे तेवढा कुणाच्या तरी अंगातून चाललाय असं धरून क्षणात तोडायचं. आपल्याकडे आरसीसीबी म्हणतात त्याचंच हे भावंड, पण जास्त हळवं. १९७०च्या दशकात ते अमेरिकन नियमांत टप्प्याटप्प्यानं आलं. ट्रेलरच्या बाथरूमजवळ ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन बटणं असलेलं सॉकेट दिसतं, ते हे.

‘दिवे लागतात पण एका भिंतीतली सगळी सॉकेटं मेलीत’ या तक्रारीचं उत्तर दहापैकी अनेक वेळा हे रीसेट बटणच असतं. एक सॉकेट पुढच्या तीन-चारांवर राखण करतं, त्यामुळे बाथरूममधलं पडलं की बाहेरच्या अंगाचंही मरतं. बटण दाबून चालू झालं आणि राहिलं, तर ठीक. परत परत पडत असेल तर ते बिघडलंय असं समजून साधं सॉकेट बसवणारे महाभाग पुष्कळ. कुत्रा भुंकतो म्हणून कुत्रा हाकलायचा, असा तो प्रकार. चोर बहुधा बाहेरच्या सॉकेटात शिरलेलं पाणी किंवा गिझरची फुटलेली कॉइल असते. एकेक यंत्र सोडवत गेलं की सापडतो.

आणखी एक नियम इथेच सांगते, कारण घरगुती अनुभव असलेले लोक तो मोडतात. घराच्या मुख्य पेटीत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असतात. ट्रेलरच्या पेटीत ते कधीच जोडायचे नसतात. ट्रेलर हे घर नाही, खांबाच्या पेटीची एक लांब फांदी आहे. जोड खोडाशी एकदाच. ट्रेलरमध्येही जोडले, तर न्यूट्रलचा परतीचा करंट अर्थच्या तारेतूनही वाहतो, आणि उद्या न्यूट्रल सुटला तर सगळा पत्र्याच्या वाटेनं जायला बघतो.

सपाट रेषा

गेल्या काही वर्षांत या दोन विजांच्या घरात तिसरा भाडेकरू आला आहे: छतावर सोलर आणि पलंगाखाली लिथियम बॅटरी. ट्रेलरमध्ये वापरतात ती लिथियम-आयर्न-फॉस्फेट रसायनाची. टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ साली त्यावरचा मूळ शोधनिबंध आला. त्याचे पहिले लेखक अक्षय पाधी. ती हलकी असते, जवळजवळ पूर्ण वापरता येते, तिला पाणी घालावं लागत नाही. साउथ डकोटातल्या त्या टेबलावर दीड तासाचं उत्तर आलं, तिथे तेवढ्याच आकाराची ही बॅटरी तीन तास देईल.

पण तिच्यामुळे जुनी विद्या निकामी होते. लेड-ॲसिडचं व्होल्टेज उतरंडीसारखं हळूहळू घसरतं, म्हणून मीटरवरून पोटात किती उरलंय ते कळतं. लिथियमचं व्होल्टेज तेराच्या जरा वर सपाट रेषेत चालतं आणि शेवटी कड्यावरून पडावं तसं पडतं. १३.२ व्होल्ट म्हणजे ऐंशी टक्के की चाळीस, मीटर सांगू शकत नाही. आत-बाहेर जाणारे अँप मोजत बसणारा वेगळा मापक लागतो. जुना कन्व्हर्टर १३.६ वर थांबतो, तो या बॅटरीला पुरता भरतच नाही. आणि ‘नवी बॅटरी फसवी निघाली’ अशी तक्रार येते. पुन्हा तेच: दोन काळ एका तारेवर भेटले आणि सांध्यावर बिघाड झाला.

१९२३ साली डोनाल्ड मॅकाडी या ब्रिटिश टपाल खात्यातल्या इंजिनिअरनं अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी तीन उपकरणं बाळगायचा कंटाळा येऊन एकात तिन्ही बसवली. आजचा मल्टिमीटर त्याचाच वंशज. तो कोणत्या काळाच्या तारेवर ठेवलाय हे त्याला कळत नाही. ते आपल्याला कळावं लागतं.

म्हणून खांबाशी पोचल्यावर मी ज्या क्रमानं जाते तो असा. केबल हातात घेण्याआधी खांबाचा ब्रेकर बंद, आणि सॉकेट काळं पडलंय का ते नजरेनं बघायचं. मग ब्रेकर चालू करून गरम ते न्यूट्रल १२०. पन्नास अँपचं असेल तर दोन्ही बाजूंना १२०, आणि दोघांत २४०. त्यानंतर गरम ते अर्थ, तेही १२०च. तिथे शून्य किंवा काहीतरी डळमळीत दिसलं, तर दुसरी जागा मागायची. ब्रेकर पुन्हा बंद, केबल जोडून चालू, आणि आत शिरण्याआधी दाराच्या मुठीपासून जमिनीत खोचलेल्या स्क्रूड्रायव्हरपर्यंत एक माप. दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर मुठीला हात लावायचा नाही. या सगळ्याला चार मिनिटं लागतात. त्यानंतर चहा.